नक्कल करताना शहाणपण नको

परवाच्या रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे जुन्या वह्या काढून बसलो. वस्तीतल्या मंडळाच्या १९५६ ते १९६१ या काळातल्या वर्गणीच्या आणि सभांच्या नोंदीच्या या वह्या आहेत. कागद इतका जीर्ण झाला आहे की पान उलटताना कोपरा हातात येतो. म्हणून गेल्या पावसाळ्यापासून वस्तीतली तीन-चार मुलेमुली त्या संगणकावर उतरवून घेत आहेत आणि आम्ही शेजारी बसून रुजुवात घेतो. त्यातली एक मुलगी, बारावीला आहे, मान वर करून म्हणाली, "काका, हे लिहिणारे कोण होते? 'नांव' वर अनुस्वार, 'केलें' वर अनुस्वार, 'त्यांचें' वर पण. पानभर चुकाच चुका. काढून टाकू का?"

आम्ही म्हटले, "बाळ, एकही काढू नकोस. त्या चुका नाहीत."

तिला खरे वाटेना. मग तिला सांगावे लागले की १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले, तोपर्यंत शिकलेला माणूस हे अनुस्वार देतच असे. ज्याने ही वही लिहिली तो गिरणीतला कामगार होता, रात्रशाळेत शिकलेला. त्याने अनुस्वार दिले म्हणजे त्याला त्या काळचे शुद्ध लिहिता येत होते. ते काढून टाकले तर आपण त्याची चूक दुरुस्त करत नाही, त्याचे शिक्षण पुसून टाकतो. पोरीने तोंडाला हात लावला आणि मागची चार पाने पुन्हा उघडून बसली. तिथे तिने न विचारताच सफाई केली होती!

तिला रागावण्याचा अधिकार आम्हाला नाही. कारण याच वस्तीत, याच कामात, आम्ही तिच्यापेक्षा मोठी चूक करून बसलो आहोत. वाचक बंधूभगिनींनो, ती गोष्ट आजवर आम्ही चारचौघांत सांगितलेली नाही. आज सांगतो.

१९९९ साली आम्ही बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होतो. अक्षर बरे होते, त्यामुळे मंडळाच्या वडीलधाऱ्यांनी १९४६ ते १९५४ ची जुनी वर्गणीची वही आमच्या हाती दिली आणि सांगितले, "बाबा, ही नव्या वहीत उतरून काढ. वाळवी लागायच्या आत." त्या वहीत वर्गणीदाराचे नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, गाव, तालुका, खोली नंबर आणि महिन्याचे चार आणे, असे सगळे होते. बऱ्याच नावांपुढे 'महार' असे लिहिलेले होते. आम्ही कॉलेजात जाणारे, सभांतून भाषणे करणारे. आम्हाला ते पाहून लाज वाटली. धोंडी, भिकी, कचरू, केरू ही नावे वाचून तर वाटले, ज्यांनी लिहिले त्यांनी आपल्याच माणसांचा अपमान केला आहे. आम्ही ठरवले की नवी वही स्वच्छ करायची. धोंडीचे धोंडाबाई केले, केरूचे केरबा केले, 'महार' हा शब्द सगळीकडून गाळला, 'रामनाक' असेल तिथे 'रामजी' लिहिले. काही गावांची नावे लिहिणाऱ्याला नीट लिहिता आली नाहीत असे वाटले, ती आम्ही नकाशात पाहून सुधारली. नवी वही पाहून सगळे खूश झाले. पेढे मिळाले.

जुनी वही मंडळाच्या खोलीतल्या लोखंडी पेटीत, तळाशी गेली. २६ जुलै २००५ च्या पावसात खोलीत कंबरभर पाणी आले. तीन दिवसांनी पेटी उघडली तेव्हा त्या वहीचा लगदा झाला होता. एकही पान सुटे झाले नाही. उरली ती फक्त आमची स्वच्छ वही.

२०१२ साली वस्तीतून केव्हाच दुसरीकडे राहायला गेलेल्या एका कुटुंबातले बाप-लेक आमच्याकडे आले. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि जातपडताळणीचे कागद हवे होते. आपल्यापैकी अनेकांना हा अनुभव आहे. अनुसूचित जातीचा आदेश १० ऑगस्ट १९५० चा, म्हणून त्या आधीचा पुरावा मागतात. बापाच्या शाळेच्या दाखल्यावर 'बौद्ध' आहे, ते योग्यच आहे. बौद्धांनाही १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीत धरले. पण बौद्ध झाला तो मुळात कोणत्या जातीचा, हे दाखवायला आजा-पणजाची नोंद लागते. ती बहुधा गावी असते. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गाव नमुना नंबर १४, म्हणजे ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. त्या कुटुंबात गावाशी संबंध राहिला नव्हता. गाव कोणते हेच नक्की माहीत नव्हते. मुलीच्या बापाला एवढेच आठवत होते की आजी मंडळाची वर्गणी भरायची आणि तिचे नाव वहीत आहे.

आम्ही मोठ्या उत्साहाने आमची नवी वही काढली. आजीचे नाव सापडले, नवऱ्याचे नाव 'रामजी', गाव आणि तालुका. त्याने ते लिहून घेतले आणि गेला. दोन वेळा गेला. दोन्ही वेळा चार-चार दिवसांचा रोज बुडाला. अभिलेख कक्षातल्या लिपिकाने जुनी मोडीतली बुके उघडून दाखवली, पण त्या गावात त्या नावाचे कोणी नव्हते. मग एका ऐंशी उलटलेल्या मावशींनी त्याला सांगितले की तुझी आजी तिकडची नव्हेच, शेजारच्या तालुक्यातली. त्या गावाचे नाव जवळजवळ तसेच, एका अक्षराचा फरक. (गावाचे नाव इथे देत नाही. दिले तर ते कुटुंब ओळखू येईल.) तेव्हा आमच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मूळ वहीत ते एक अक्षर बरोबरच होते. आम्ही नकाशात सापडले ते मोठे गाव खरे मानले आणि लहान गावाला चूक ठरवले.

नोंद अखेर सापडली. कोतवाल बुकात पणजा 'रामनाक' होता, 'रामजी' नव्हे, आणि पुढे स्पष्ट 'महार' होते. म्हणजे आम्ही लाज वाटून गाळलेले दोन्ही शब्द त्या मुलीच्या कामाचे होते. पण तोवर मुदत निघून गेली होती. त्या वर्षीची जागा गेली. पुढच्या वर्षी तिला प्रवेश मिळाला, आज ती नोकरीला आहे, आम्हाला भेटली की जय भीम घालते. तिने कधी एका शब्दाने बोलून दाखवले नाही. तिचे ते एक वर्ष आमच्या खात्यावर नावे पडले आहे, एवढे आम्हाला समजते.

आम्ही कॉमर्सचे विद्यार्थी, तरी हे आमच्या ध्यानात आले नव्हते याचेच आश्चर्य वाटते. हिशेबाच्या वहीत चूक झाली तर खोडरबर चालत नाही, हे पहिल्याच वर्षी शिकवतात. रोजकीर्दीत चुकीची रक्कम पडली तर ती तशीच ठेवायची आणि दुरुस्तीची वेगळी नोंद टाकायची. खाडाखोड केलेली वही लेखापरीक्षक हातात धरत नाही. सरकारी कायद्यातही तेच आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा पाहा. त्याच्या १५ व्या कलमात म्हटले आहे की नोंद चुकली असेल तर निबंधकाने मूळ नोंदीला हात न लावता समासात दुरुस्ती लिहावी आणि खाली सही व तारीख घालावी. मूळ तसेच राहते, शेजारी खरे काय ते येते, आणि ते कोणी व कधी लिहिले हेही कळते. हाच नियम जुनी कागदपत्रे उतरवणाऱ्यालाही लागू करावा. मुळात जे आहे ते जसेच्या तसे लिहावे. आपल्याला काही सांगायचे असेल तर ते चौकोनी कंसात किंवा तळटीपेत, आपले म्हणून सांगावे. वाचणाऱ्याला वाटेल की उतरवणाराच चुकला, अशी जागा असेल तर पुढे [मुळात असेच] एवढे दोन शब्द घालावेत.

आता कोणी म्हणेल की एखाद्या वर्गणीच्या वहीचे एवढे काय? तर एक मोठे उदाहरण सांगतो. साताऱ्याच्या ज्या सरकारी हायस्कूलला आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात, तिथे ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचा प्रवेश झाला. शाळेच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकावर ती नोंद आहे. २०१७ पासून महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या रजिस्टरात नाव आहे 'भिवा रामजी आंबेडकर'. भीमराव नाही, भिवा. समजा, पन्नास वर्षांपूर्वी कोणा भाविक कारकुनाने ते रजिस्टर नव्या वहीत उतरवले असते आणि 'एवढ्या मोठ्या माणसाचे नाव असे कसे' म्हणून 'भीमराव' लिहिले असते, आणि मूळ रजिस्टर आमच्या वहीसारखे पाण्यात गेले असते, तर? घरात ज्या नावाने हाक मारीत त्याच नावाने तो मुलगा शाळेत गेला, हा पुरावा कायमचा गेला असता. आदराने केलेला बदल हाही बदलच.

आणि 'नाक' म्हणाल तर कोरेगाव भीमाच्या स्तंभावर इंग्रजी अक्षरांत कोरलेल्या अनेक नावांच्या शेवटी हेच 'नाक' आहे. त्यावरूनच ती माणसे आपली होती हे ओळखता येते. तिथे कोणी 'शुद्ध' नावे कोरली असती तर आपल्याला काय कळले असते? हे आम्हाला १९९९ साली कोणी सांगितले असते तर बरे झाले असते, पण खरे सांगायचे तर आम्ही ऐकले असते असेही नाही. त्या वयात पुसण्याचा जोर फार असतो.

मूळ लिहिणारा चुकतो, हे काही आजचे नाही. सम्राट अशोकाचा चौदावा शिलालेख आहे, गिरनारला तो पाहायला मिळतो. (आपल्या नालासोपाऱ्यालाही अशोकाच्या लेखांचे तुकडे सापडले आहेत, पण ते आठव्या आणि नवव्या लेखाचे.) त्या चौदाव्या लेखात सम्राट स्वतः कबूल करतो की कुठे काही अपुरे लिहिले गेले असेल तर ते जागेमुळे, अन्य कारणाने किंवा लेखनिकाच्या दोषाने झाले असेल. आम्ही कारकुनी करणारे. त्यामुळे आमची दखल दगडावर घेतली गेली आहे हे वाचून आम्हाला हसूही आले आणि थोडे बरेही वाटले. पण पुढची गोष्ट महत्त्वाची आहे. हे शिलालेख छापणारे विद्वान दगडावर अक्षर चुकले असेल तर ते चुकलेलेच छापतात आणि 'हे असे वाचावे' हे खाली टीपेत देतात. दगडावर छिन्नी चालवीत नाहीत.

त्रिपिटकाचेही असेच. १९५४ ते १९५६ या काळात रंगूनला सहावी संगीती भरली, तिथे तयार झालेल्या पाली आवृत्तीत पानाच्या तळाशी सिंहली, सयामी, कंबोडियन प्रतींतले वेगळे पाठ दिलेले आहेत. वचन बुद्धांचे, पण ते उतरवणारे माणसे होते, आणि प्रत्येक देशातल्या माणसाचा हात कुठे ना कुठे वेगळा पडला. संगीतीतल्या भिक्खूंनी एक पाठ वर घेतला आणि बाकीचे फेकून दिले नाहीत. बाबासाहेबांचे अपुरे राहिलेले ग्रंथ महाराष्ट्र शासनाने खंडरूपाने छापले, त्यातही हस्तलिखित जिथे अपुरे आहे तिथे संपादकांनी तसे नमूद केले आहे. बाबासाहेब पुढे काय म्हणाले असते हे त्यांनी आपल्या पदरचे लिहिले नाही.

हे सगळे आम्ही मुलांना सांगतो तेव्हा ती एक प्रश्न हटकून विचारतात. चूक त्याची की आपली, हे ओळखायचे कसे? प्रश्न अगदी योग्य आहे. पुष्कळदा चूक आपल्या वाचण्यातच असते. गेल्या महिन्यात १९५६ च्या एका पानावर तीन रकमा होत्या. मुलाने वाचल्या त्या अशा : ४ रुपये ६ आणे, ३ रुपये ९ आणे आणि ३ रुपये १० आणे. खाली बेरीज होती ११ रुपये १ आणा. मुलगा हुशार, त्याला १६ आण्यांचा रुपया हे शिकवल्यावर त्याने लगेच सांगितले की बेरीज चुकली, ११ रुपये ९ आणे पाहिजेत, खजिनदाराने ८ आणे कुठे घातले? आम्ही भिंग घेऊन पाहिले. मधला आकडा ९ नव्हताच, शेपूट वळवलेला १ होता. ३ रुपये १ आणा. बेरीज बरोबर होती. त्याने बेरीज 'दुरुस्त' करून ठेवली असती तर सत्तर वर्षांपूर्वीच्या एका प्रामाणिक माणसावर ८ आण्यांचा आळ कायमचा बसला असता, आणि तो दूर करायला तो माणूस आज नाही. दुसऱ्या एका पानावर मात्र बेरीज खरोखरच २ आण्यांनी चुकलेली आहे. ती तशीच ठेवून तळाला टीप दिली आहे.

मोडीतून देवनागरीत आणताना तर जास्तच जपावे लागते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा फरक सहसा पाळलेला नसतो, शब्द तोडलेले नसतात. तेव्हा उतरवणाऱ्याला निवड करावीच लागते. ती केली हे त्याने सांगावे, एवढेच. मराठवाड्यातल्या जुन्या निजामी कागदांवर फसली सन असते, त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो. पण उतरवताना फसली सनच लिहावा आणि इसवी सन कंसात द्यावा. नुसते इसवी लिहिले आणि एका वर्षाची गफलत झाली तर परत येण्याचा रस्ता राहत नाही.

जन्मतारखांचे तर विचारूच नका. आमच्या वडिलांची जन्मतारीख १ जून. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या मुलांची १ जून. गुरुजींनी शाळा उघडायची तारीख पाहून सगळ्यांना एकदम जन्माला घातले! आजीच्या म्हणण्याप्रमाणे वडील शिमग्यात झाले. पण म्हणून प्रवेश-निर्गम उतारा लिहिताना कोणी मार्च महिना घालून चालेल का? खरी तारीख कळली असेल तर तिच्यासाठी रीतसर अर्ज, प्रतिज्ञापत्र, राजपत्र असे मार्ग आहेत. नावातल्या फरकासाठीही 'रामनाक व रामजी ही एकाच व्यक्तीची नावे' असे प्रतिज्ञापत्र करता येते. समाजबांधवांना कळकळीची विनंती आहे की घरातल्या जुन्या दाखल्यावर, वहीवर, कोणी कितीही सांगितले तरी पेन चालवू नका, ब्लेडने खरवडू नका. एखाद्या एजंटाने 'फक्त एक काना वाढवू' म्हटले तर त्याला दारातूनच परत पाठवा. शंका आली की दक्षता पथक शाळेत जाऊन मूळ रजिस्टर पाहते. शाई वेगळी दिसली की खरी नोंदही खोटी ठरते, आणि मग निस्तरता निस्तरता पिढी जाते.

आमच्या विहारातल्या कामाची पद्धत आता अशी बसली आहे. आधी मोबाईलवर पानाचा फोटो, चारही कडा दिसतील असा, आणि तो तीन घरांत ठेवायचा. मग एकाने उतरवायचे, दुसऱ्याने मूळ पान समोर धरून मोठ्याने वाचायचे. मोबाईलवर टाईप करताना तो आपण होऊन शब्द सुधारतो, ती सोय बंद करायची. (त्याने एकदा 'धोंडी'चे 'धुंडी' केले. आमच्यासारखाच शहाणा!) जुन्या पानांना चिकटपट्टी लावायची नाही, प्लास्टिकमध्ये बंद करायचे नाही. आणि मूळ वही काम झाले म्हणून पेटीच्या तळाशी टाकायची नाही. ती आता भिंतीवर, छातीच्या उंचीच्या फळीवर आहे.

परवा त्या मुलीने उठता उठता आणखी एक पान पुढे केले. सभेची तारीख लिहिली आहे, ३१ जून १९५८. जूनला ३१ दिवस नसतात. ३० जून की १ जुलै, यावर मुलांत वाद झाला. आम्ही कॅलेंडर पाहून सांगितले की ३० जून १९५८ ला सोमवार होता, १ जुलैला मंगळवार, आणि मंडळाच्या सभा रविवारी होत असत. म्हणजे दोन्ही जुळत नाहीत. तिने '३१ जून' लिहिले, पुढे [मुळात असेच] घातले आणि संगणक बंद केला.

आमच्या त्या १९९९ च्या वहीचेही काही करायला हवे होते. गेल्या महिन्यात तिच्या पहिल्या पानापुढे आम्ही एक कोरा कागद जोडला. त्यावर लिहिले की ही नक्कल मुळाप्रमाणे नाही, उतरवणाऱ्याने नावे, गावे बदलली आहेत आणि जात गाळली आहे. खाली आठवतील तेवढ्या नोंदी क्रमांकासह दिल्या, मुळात काय होते आणि आम्ही काय केले. सही केली, तारीख घातली. एकूण सतरा नोंदी आठवल्या. वहीत दोनशेच्या वर नावे आहेत. वस्तीत त्या काळची तीन माणसे हयात आहेत, त्यांच्याकडे दर शनिवारी संध्याकाळी ती वही घेऊन जाऊन बसतो. मावशींना गेल्या शनिवारी दोन आणखी आठवली.